बोडी

"थांब, त्याले जागा दे."

चाचा हे माणसाबद्दल नाही, अक्षराबद्दल म्हणायचे. कॉम्प्युटरसमोर उभे राहून ते एक डोळा मिटायचे, अंगठा पुढे धरायचे. एखादं अक्षर शेजारच्याला खेटलेलं दिसलं की टोपी मागे सारून टकलावरून हात फिरवायचे. हात टकलावर गेला की आम्ही समजायचो, हा बॅनर आज काही छापायला जात नाही.

तुम्ही चंद्रपूरच्या बाजारातून गेला असाल तर चाचांची अक्षरं तुम्ही वाचलेलीच आहेत. फ्लेक्स यायच्या आधी निम्म्या पाट्या त्यांच्याच ब्रशच्या. ब्रश सुटला तसे ते आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आले आणि आमच्या चुका काढू लागले. माउसला मात्र कधी हात लावला नाही. "उंदीर मी नाई पकडत," म्हणायचे.

मी सिरोंच्याची. घरात तेलुगू, शाळा सातवीपर्यंत. दुकानात लागले तेव्हा वेलांटी कुठली हे विचारायचीही भीती वाटायची. विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला, शिक्षण किती? चाचांनी तो कधीच विचारला नाही. पहिल्याच आठवड्यात मी 'शुभविवाह'मधला 'शु' दीर्घ करून ठेवला. चाचा म्हणाले, "बेटा, लगन लंबं चालू दे. शू लंबी नको करू." चंद्रपुरात आल्यावर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मग चार गावच्या चार दुकानांनी मिळून एक ठरवलं. फुलं, चौकटी, गणपती, वाढदिवसाचे फुगे, जे ज्याच्याकडे असेल ते इंटरनेटवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि लागेल ते प्रत्येकाने घ्यायचं. अट एकच, टाकल्याशिवाय घ्यायचं नाही. माझ्याकडे होतं काय? एक वही, आणि तिच्यात मुग्गू. आमच्याकडे दारात ठिपके मांडून काढतात ती रांगोळी, आई काढायची तशी. हिला डिझाईन म्हणायचं आणि कोणी हसलं तर?

फोल्डरला नाव द्यायला सगळे आमच्या दुकानात जमले. 'डिझाईन हब' झालं, 'ग्राफिक्स किंग' झालं. कोरपन्याच्या दुकानाचे भाऊ म्हणाले, "'खजिना' ठेवा."

"खजिन्याले कुलूप लागते, भाऊ," चाचा म्हणाले. "बोडी ठेवा. आमच्या गावात एक बोडी होती. लहानसा तलाव. धानाले पाणी सारेच नेत, अन् उन्हाळ्यात गाळ बी सारेच काढत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं.

"काऊन हसली वं?" कोरपन्याच्या भाऊंनी विचारलं. "झाडीपट्टीतलं गावठी नाव हाये म्हणून?"

"नाही भाऊ..."

"मंग सांग ना!"

आता नोकरी गेली, असं समजूनच मी बोलले, "आमच्या तेलुगूत केस नसलेल्या डोक्याला बोडी गुंडू म्हणतात."

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. चाचांनी शांतपणे टोपी काढली, मान खाली घातली आणि डोकं आमच्यापुढे केलं. "घ्या मंग फोटो. चिन्ह बी मिळालं!"

कोरपन्याचे भाऊ हसता हसता खुर्चीवरून घसरले. नाव पक्कं झालं.

"नावाची इज्जत तू काढली," चाचा माझ्याकडे वळले. "आता पहिलं पाणी तूच टाक."

मी वही काढली. मुग्गूचं पान चाचांपुढे धरलं. त्यांनी डोळा मिटला, अंगठा धरला, आणि टोपी मागे सारायला हात वर गेला. मी वही मिटायला लागले. टोपी हातातच आहे हे लक्षात येऊन तेच हसले. "याले कोनी जागा द्याची गरज नाई. हे आपली जागा घिऊनच आलं."

पुढच्याच आठवड्यात कोरपन्याच्या एका लग्नाच्या बॅनरला माझ्या आईच्या मुग्गूची चौकट लागली.

मोतीबिंदू वाढला तसे चाचा नागपूरला मुलीकडे राहायला गेले. ते गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, एवढ्या भरलेल्या बोडीत त्यांचं एकही अक्षर नाही. ती सगळी भिंतींवर. म्हणून आता चारही दुकानांची माणसं सुट्टीच्या दिवशी मोबाईल घेऊन भिंती शोधत फिरतात.

परवा मी पोंभुर्ण्याला गेले होते. एका किराणा दुकानाच्या बाजूला, जुन्या जाहिरातीखालून 'धान्य'मधला 'ध' डोकावत होता. मी कागद नखाने खरडू लागले.

दुकानदार बाहेर आला. "काऊन बाई, भिंत खरडून राह्यल्या?"

"अक्षर काढते आहे, भाऊ. आमच्या चाचांचं आहे."

तो भिंतीजवळ आला, त्यानेही दुसऱ्या बाजूने कागद ओढला. अख्खं 'धान्य' उघडं पडलं. "ते काई निघत नाई," तो म्हणाला. "दोनदा चुना मारला मी. पुन्हा वर येते."