वीरबाचा शेंदूर

चौथीतल्या एका मुलीने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, हा आमचा नाय."

तिच्या मागे तिची अख्खी शाळा रांगेत उभी होती. सायखेड्याच्या पुढे गोदाकाठी एक लहानसं गाव आहे, तिथली ही झेडपीची शाळा. सहल नाशिकला आली होती. सकाळी पांडवलेणी झाली, दुपारी आमचं म्युझियम. इथे येण्याचं खास कारण होतं. त्यांच्या गावचा देव आमच्याकडे मुक्कामाला होता आणि आता त्याला परत न्यायचं होतं. त्याआधी मुलांनी त्याला भेटावं, अशी त्यांच्या मॅडमची कल्पना होती.

मी या म्युझियममध्ये कॉन्झर्व्हेटर आहे. म्हणजे जुन्या वस्तूंचा डॉक्टर. लाकडाला वाळवी लागते, तांब्यावर हिरवा गंज चढतो, कागदाला कसर लागते, ते सगळे माझे पेशंट. पेशंट बोलत नाहीत हा या नोकरीतला मोठा फायदा. मुलं बोलतात, म्हणून सहलींच्या दिवशी मी लॅबचं दार लावून बसतो. त्या दिवशी डायरेक्टरांनीच बाहेर काढलं. म्हणाले, काम तुमचं आहे, तुम्हीच दाखवा.

काम म्हणजे एक वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी असे दगड उभे करत. त्यावर त्याची गोष्ट कोरलेली असते. पण गावाला ती गोष्ट माहीत असायचं कारण नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर लावून कोरीवकाम पार बुजलं होतं. गाव त्याला वीरबा म्हणायचं. नदीला पूर आला, काठ खचला आणि वीरबा चिखलात आडवा झाला. गावाने त्याला काढलं आणि नवा चौथरा बांधून होईपर्यंत सांभाळायला आमच्याकडे दिलं.

दगड आला तेव्हा शेंदराच्या कवचाला भेगा पडल्या होत्या आणि पुराचं पाणी आत शिरून बसलं होतं. असं पाणी दगडाला आतून खातं. मिठासारखे क्षार फुलतात, पापुद्रे सुटायला लागतात, आणि काही वर्षांत नाक-डोळ्यांची माती होते. कवच काढण्याला पर्याय नव्हता. सरपंचांना फोन करून सांगितलं, शेंदूर उतरवावा लागेल. ते म्हणाले, तुम्ही जाणकार माणसं, योग्य वाटेल ते करा. आमच्याकडे कामाची पद्धत अशीच आहे. ज्याच्या नावाचा शिक्का, त्याला विचारायचं.

मग मी कागदाच्या लगद्यात रसायन भिजवून त्याचा लेप दिला. याला पोल्टिस म्हणतात. कवच मऊ झालं की बांबूच्या काडीने थोडं थोडं सोडवायचं. घाई केली तर दगड ओरखडतो. खाली गाई निघाल्या, घोड्यावरचा वीर निघाला, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य. घोड्याच्या आयाळीचे केससुद्धा शाबूत होते. काम उत्तम झालं होतं. आजही विचारलंत तर हेच म्हणेन.

आणि ही मुलगी म्हणत होती, हा आमचा नाय.

मी तिला समजावलं की हाच तो, फक्त अंगावरचा शेंदूर काढलाय. तिने विचारलं, "याचे डोळे कुठं हेत?"

वीरबाला चांदीचे डोळे होते, बटणाएवढे. ते शेंदरात बसवलेले होते. शेंदूर निघाला तसे तेही निघाले आणि मी ते डबीत जपून ठेवले होते. मी तिला डोळ्यांची जागा बोटाने दाखवली. तिथे आता घोड्याचं पोट होतं. मुळात या दगडावर एवढा मोठा चेहरा कधी नव्हताच, असंही सांगून टाकलं. मला वाटलं, मुलांना गंमत वाटेल.

कुणालाच गंमत वाटली नाही. पहिलीतला एक जण मॅडमच्या पदराआड गेला. बाकीची मुलं घोड्याच्या पोटाकडे बघत राहिली. एरवी सहलीची मुलं हात लावू नका म्हटलं की हमखास लावतात. त्या दिवशी दगडाच्या जवळ जायला कुणी तयार होईना. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढी मेहनत केली, ती यांना दिसतच नव्हती.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. मुलीचं नाव ईश्वरी. वीरबाला शेंदूर लावायचा मान तिच्या घराण्याचा. दर अमावास्येला तिचे आजोबा लावायचे, त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो. पुरानंतर तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नजरही जवळजवळ गेली. आता ते अंथरुणाला खिळून होते आणि रोज एकच विचारायचे, वीरबा कधी येतो. सहल निघाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी नातीच्या हातात एक रिकामी डबी दिली. वीरबाच्या अंगावरचा शेंदूर आण, कपाळाला लावायचाय, म्हणाले. गेला महिनाभर तब्येत उतरत चालली होती. त्यांनी मागितलेलं तेवढंच होतं.

उतरवलेला शेंदूर आता नव्हता. शेंदरात शिसं असतं, ते विषारी. म्हणून तो सीलबंद ड्रममध्ये भरून घातक कचरा नेणाऱ्या एजन्सीला द्यावा लागतो. कवच गळालं की ते वाजतगाजत नदीत सोडायची गावाकडे रीत आहे, हे मला नंतर कळलं. पण तपासणीसाठी मी अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा काचेच्या बाटलीत ठेवला होता. मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सॅम्पल? लहान मुलीच्या हातात? तुम्हीच मला शिशावर लेक्चर दिलं होतं."

"तिच्या हातात नाही, मॅडमच्या हातात देतो. सील करून."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"पेशंटच्या नातेवाइकांना दिला म्हणून सांगा."

ते हसले नाहीत. माणूस वाईट नाही, फक्त भित्रा आहे. थोडा वेळ कागद चाळून म्हणाले, "डोळेही देऊन टाका. दगड जाणारच आहे, डोळे ठेवून काय करायचंय?"

लॅबमध्ये मी बाटलीचं बूच काढून ईश्वरीसमोर धरलं. तिने हात लावला नाही, नुसतं नाक जवळ नेलं. जुन्या, खवट तेलाचा वास होता. तिचे डोळे एकदम भरून आले. "हा हे," ती म्हणाली. "हा आमचा हे." मी बूच लावून वरून मेण ओतलं, डोळ्यांच्या डबीसह बाटली मॅडमना दिली आणि कुणी हात लावला तर साबणाने धुवायचा असं त्यांना दोनदा बजावलं. मुलं बसकडे गेली. दगडाकडे कुणी वळून पाहिलं नाही.

पुढे ग्रामपंचायतीचं पत्र आलं. वीरगळ म्युझियममध्येच ठेवावा, गावाची हरकत नाही. डायरेक्टर खूश झाले. असा अखंड वीरगळ ठेवा म्हणून कोण देतं? त्यांनी लगेच वरून लाइट सोडायची ऑर्डर दिली. मला काही चैन पडेना. कागदांवर सह्या घ्यायच्या निमित्ताने मी स्वतः गावात गेलो.

चौथरा नदीपासून लांब, शाळेच्या अंगाला बांधला होता. त्यावर वीरबा बसला होता. नदीतला एक ओबडधोबड धोंडा, वर केशरी शेंदराचा ताजा हात, आणि ते चांदीचे डोळे. माझ्या बाटलीतला तुकडा तात्यांच्या कपाळाला लागून उरला, तो मॅडमनी कुटून पहिल्या लेपात मिसळायला दिला होता. शिसं, साबण, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चपला काढून ठेवल्या.

अमावास्या होती. तात्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी आणलं. वीरबा घरी आला, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चालत्या हाताने चाचपडत डोळे शोधले, मग अंगठा खाली फिरवला, कडेने फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"लय वाळलाय," तात्या म्हणाले. बोलणं अडखळत होतं, पण शब्द कळत होते. "परक्याच्या दारी जेवला नसंल."

ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकीन अशी भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मी खाली पाहिलं. मग तिने त्यांचं बोट धरून शेंदराच्या वाटीत बुडवलं. "आता आलाय ना घरी," ती म्हणाली. "आपण लावत जाऊ, मग भरंल तो पयल्यासारखा."

तात्या दिवाळीआधी गेले. मॅडमचा फोन आला होता. शेंदूर आता ईश्वरी लावते. शिशाशिवायचा शेंदूर मिळतो का ते मी शोधतोय, अजून तरी गावाला चालेल असा सापडलेला नाही.

हल्ली शेंदूर लावलेला दगड आमच्याकडे आला की मी सरपंचांना फोन करत नाही. आधी गावात जातो आणि याला शेंदूर कोण लावतं ते विचारतो. काम रखडतं, डायरेक्टर कुरकुरतात. कुरकुरू देत.

वीरगळ हॉलमध्ये मधोमध उभा आहे, लाइट छान पडतो. शहरातल्या शाळांची मुलं येतात, घोडा बघतात, आयाळ बघतात. कुणीतरी विचारतंच, सर, हा देव आहे का? मी सांगतो, होता. आमच्याकडे आला तोपर्यंत होता.