खारूताईचा करार

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या गड्याला सगळे ‘खारूताई’ म्हणायचे, इतका तो दोरावर सराईत. पण परवा काम करताना दोर हातभर सटकला आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून साध्या स्टुलावर चढतानाही तो भिंतीचा आधार घेई.

करार संपायला अजून वर्ष होतं. ‘मधेच सोडलंस तर कोर्टात खेचीन,’ असं ठेकेदारानं सही घेतानाच बजावलं होतं.

“अहो, जीवच गेला तर करार पाळणार कोण?” बायको म्हणाली. “जा, सांगून टाका.”

तो ऑफिसात ठेकेदारासमोर जाऊन उभा राहिला. “साहेब, माझ्याच्यानं आता वर जाववत नाही. करार मोडा.”

“का रे?”

“परवा दोर सटकला होता.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“तुम्हाला घाबरलो.”

ठेकेदार पांढराफटक पडला. “अरे, त्याच दोरावर आत्ता दुसरा माणूस चढलाय!” म्हणत त्यानं फोन उचलला.

तो माणूस सुखरूप उतरल्याचा निरोप येईपर्यंत दोघांनाही धड बसवेना. मग ठेकेदारानं मुकाट्यानं करार रद्द केला. ऑफिसचा जिना उतरताना मात्र खारूताईनं कठडा घट्ट धरून ठेवला होता.