फवाऱ्याची चाळीस सेकंदं

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी, बुलढाण्याजवळच्या चिखलीतल्या आमच्या व्हिडिओच्या दुकानात, चाळीस सेकंदांच्या एका चित्रणाचा नऊ हजारांना सौदा ठरला. हजर तिघं: मी, माझा भागीदार आणि उंद्रीतल्या माझ्या शेजाऱ्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. खरेदीदार फोनवर. अशी चित्रणं जमवून वाहिन्यांना आणि जाहिरातवाल्यांना विकणं हा त्याचा धंदा. आम्ही दोघं एरवी लग्नं काढतो. त्या वर्षी लग्नं पुढे गेली होती.

चित्रणात माझा शेजारी होता. तो रोजाने लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणीचा खर्च बराचसा वाचेल असा हिशेब आम्ही सगळ्यांनीच मांडला होता. आता सहावी फवारणी चालली होती आणि कपाशी त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. नवा कॅमेरा पाहावा म्हणून मी बांधावर उभा होतो. चारचं ऊन समोरून, त्याच्या पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा घट्ट बांधलेला. वारा फिरला आणि सगळा फवारा त्याच्याच तोंडावर आला. मी ओरडलो. त्याने हात हलवला आणि कपाशीची ती ओळ पुरी केली.

रात्री उलट्या, सकाळी डोळे सुजलेले. त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात भरती केलं. शेतमालक गावात सांगत सुटला की हा पिऊन होता, तोंडाला काही बांधलं नव्हतं. औषधपाण्याचा पैसा मी काय म्हणून देऊ, असं तो विचारायचा. वहिनींनी चित्रण मागितलं. भागीदाराने नेहमीसारखी लहान फाइल करून त्यांच्या मोबाइलवर पाठवली. त्यांनी ती चार माणसांत मालकाला दाखवली. तो हसला.

"याच्यात औषध कुठं हाये, बाई? तुहा नवरा तर हवा खाऊन राह्यला!"

खोटं तो बोलत नव्हता. मी ती फाइल मोठ्या पडद्यावर लावली. पंप दिसत होता, माणूस दिसत होता, फवारा नव्हता. फाइल लहान करताना संगणक जे सारखं असतं ते एकदाच ठेवतो आणि बारीक, हलतं ते पुसून टाकतो. फवाऱ्यातलं सगळंच बारीक आणि हलतं. तिथे नुसते करडे चौकोन उरले होते. दुपट्टाही त्याच्या चेहऱ्यात मिसळून गेला होता.

मालक पुन्हा काही बघायला तयार नव्हता आणि दवाखान्याला पैसे हवे होते, तेव्हा चित्रण विकायचं ठरलं. पण खरेदीदाराला काय पाठवायचं यावर त्या सोमवारी आमचं वाजलं.

"लहानच पाठवू, भाऊ," भागीदार म्हणाला. "सबको चलती है. लग्नात अक्षता उडतात तवाबी असेच चौकोन होतात. आजवर एका तरी नवरदेवानं तक्रार केली का?"

"नवरदेवाला अक्षता मोजायच्या नसतात, चाचा."

"मंग जड फॉरमॅटमंदी काढू. चार जीबीची होईल. नेट हे असं. पोचेपर्यंत दिवाळी."

मी कागदावर हिशेब केला. कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाचशे एमबी. जड फॉरमॅट केला तर आकार आठपट होतो, पण कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते त्यात नव्याने येत नाही. लहान केली तर पन्नास एमबी, आणि फवारा जातो. तेव्हा मूळ फाइलला हातच लावायचा नाही, रंगही सुधारायचे नाहीत. फक्त आवाज काढायचा, कारण खरेदीदाराला आवाज नको होता. भागीदाराने दोनदा तपासलं आणि मान डोलावली.

वहिनी पडद्याजवळ आल्या. "फवारा दिसन ना त्याच्यात? तेवढं सांगा, भाऊ."

"दिसेल."

चेहरा ओळखू येतो म्हणून संमतीची सही लागणार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. शेजाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. वहिनींनी कागद समजावला. तो माझ्या बाजूला वळला.

"तोंडावर येते ते दिसते का बे?"

"दिसते."

"दुपट्टा?"

"त्याची गाठसुद्धा दिसते."

"हाव, मंग दे पाठवून. टीव्हीवर दिसलं का मानतीन साले. इथं कोनी मानत नाही." मी बोट धरून जागा दाखवली. सही रेघेच्या खाली गेली.

फाइल चढायला रात्र लागली. तीन आठवड्यांनी खरेदीदाराच्या वेबसाइटवर विक्रीच्या यादीत ती आली. चित्र स्वच्छ होतं, थेंबन् थेंब सुटा. खाली मथळा होता: 'धुक्यात काम करणारा आनंदी शेतकरी'. मी लगेच लिहिलं की हे धुकं नाही, कीटकनाशक आहे, आणि हा माणूस दवाखान्यात आहे. उत्तर दोन ओळींचं आलं. मथळे ते ठरवतात. विषाच्या नावाने चित्रण खपत नाही. मागे घेतलं तर पैसे मिळणार नाहीत. मी वहिनींना दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि काय करू ते विचारलं.

त्यांनी पडद्यावरच्या मथळ्यावर बोट ठेवलं.

"धुकं? कपाशीत? दुपारचं?"

मग म्हणाल्या, "राहू द्या. औरंगाबादच्या डोळ्याच्या डॉक्टरची तारीख पुढच्या हप्त्यात हाये, पैसे लागतीन. यायच्या कानावर हे धुक्याचं घालू नका."

एखाद्या वाहिनीने ते घेतल्याचं मला कधी कळलं नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी डावा डोळा गेला असं सांगितलं. उजव्याने उजेड-अंधार कळतो. शेतमालकाने फवारणीच्या शेवटच्या दिवसाची मजुरीसुद्धा दिली नाही. टीव्हीवर आलं का, असं शेजारी मला अधूनमधून विचारायचा. मी 'अजून नाही' म्हणायचो, आणि तेवढं खरंच होतं.

खरेदीदाराने बँकेचा खर्च आणि कर कापून आठ हजार शंभर रुपये पाठवले. भागीदाराने आणि मी वाटा घेतला नाही. नेटचे तीनशे वजा करून उरलेले सात हजार आठशे मी वहिनींच्या हातात दिले.