बासष्ट किलोच्या मेश्रामताई

सकाळच्या पहिल्या घरात आम्ही शिरलो की कुंदाताई मेश्राम कुणाला काही विचारायच्या आधी स्वतः वजनकाट्यावर चढायच्या. आकडा वाचून मोठ्याने सांगायच्या, "बासष्ट. काटा खरा. या आता, लाजू नका." बायका हसायच्या आणि रांगेत यायच्या. काटा तपासायला ऑफिसात लोखंडी वजनं होती, पण ती स्कूटरवर घेऊन फिरणं जिवावर यायचं. ताई म्हणायच्या, "मी हाय ना! माझं वजन लग्नापासून हाललं नाई."

भिलाईतल्या बायकांचं पोषण मोजणाऱ्या आमच्या सर्वेक्षणाच्या त्या प्रमुख होत्या. वडील भंडाऱ्याकडून स्टील प्लँटमध्ये कामाला आले, ताई इथेच शिकल्या आणि आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्या. काम सोपं दिसायचं: वजन, उंची, काल काय खाल्लं ते लिहायचं, आणि उंचीच्या मानाने वजन कमी भरलं तर त्या बाईला रक्त तपासायला पाठवायचं. मी नवीन असताना एका बाईला विचारलं, "काल काय जेवलात?" तिने वरण, भात, भाजी, पोळी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "शोभा, हे जेवण होय का हॉटेलची पाटी? बाईले काय खाल्लं विचारशील तं ती घरात काय शिजलं ते सांगन. तिच्यासाठी काय उरलं होतं, ते विचार." दुसऱ्या दिवशी मी तसं विचारलं. भात उरला होता, वरणाचं पाणी उरलं होतं. भाजी बहुतेक घरांत उरतच नव्हती.

स्मृती नगरातल्या सुखवस्तू घरांत उलटं चित्र. तिथल्या बायका वजनाने भरलेल्या, पण दोन जिने चढल्या की धापा टाकत. दुपारी चहा, टोस्ट, फरसाण. ताई म्हणायच्या, "पोतं भरलं हाय, पन कोंड्यानं." हे त्या त्यांच्या तोंडावरही म्हणायच्या. एका अधिकाऱ्याच्या बायकोने रागाने विचारलं, "म्हणजे मी काय उपाशी आहे?" ताई म्हणाल्या, "हो ना बाई, खाऊनपिऊन उपाशी." त्या बाईंनी आम्हाला चहा दिला नाही. पुढच्या खेपेला मात्र डब्यात मोड आलेले मूग काढून दाखवले.

कॅम्प-१ या कामगार वस्तीतलं काम सुरू झालं तेव्हा काट्याला कमी दाखवायची खोड लागली, असं आम्हाला वाटलं. ताई चढल्या की एकसष्टच्या आसपास. आम्ही सेल बदलले, फरशीवरची सपाट जागा शोधली. काही फरक नाही. काटा दुरुस्तीला पाठवला तर काम थांबणार. मग ताईंनी ठरवलं की जेवढं कमी दाखवतो तेवढं प्रत्येकीच्या वजनात मिळवायचं. पुढच्या आठवड्यांत फरक वाढला, आम्हीही मिळवणं वाढवलं. काटा म्हातारा झाला, एवढीच त्यावर चर्चा.

पुष्पा नावाची एक बडबडी बाई होती. तिचा आकडा वाचून मी वर दोन किलो मिळवून सांगितले, तशी ती उसळली. "आपल्या मनानं दोन किलो कावून वाढवून राहिल्या? दुकानदार माल कमी देते, तुमी जास्त देऊन राहिल्या!" ती आत गेली आणि सीलबंद गॅस सिलिंडर गडगडवत घेऊन आली. सिलिंडरवर रिकाम्याचं आणि गॅसचं वजन लिहिलेलं असतं. आम्ही दोघींनी तो काट्यावर उभा केला. बेरीज बरोबर जुळली. "यालेही वाढवा दोन किलो," पुष्पा म्हणाली आणि दारात जमलेल्या बायका खो खो हसल्या.

ताई हसल्या नाहीत. त्या परत काट्यावर चढल्या. साठ. "काटा खरा हाय," त्या हळू म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. ब्लाउजची बाही दंडावर सैल लोंबत होती आणि कडेला पिन लावलेली होती. रोज एका स्कूटरवर बसत होतो आम्ही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"आधी त्या बायका."

"कागदावर वजा करता येईल ना."

"कागदावर करू व. पन ज्यायले आपन तोंडानं सांगून आलो का तू बरी हाय, त्यायचं काय? तिच्या घरात आता तिचं कोन ऐकन?"

मग मी सौदा केला. सकाळी ताईंच्या तपासण्या, दुपारी बायका. सौदा त्यांनी पाळला. आतड्याचं दुखणं निघालं, पुढे गेलेलं. हे त्यांनी मला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तोंड पाडू नको, पुढच्या घरी घाबरतीन."

प्रत्येक घरात त्या एकच सांगायच्या, "माय, मी चुकली होती. तुझं वजन कमी हाय. रक्त तपासून घे." एका सासूने हात नाचवले. "आधी बरी म्हनता, मंग बिमार म्हनता. धंदा हाय का तुमचा?" ताई म्हणाल्या, "धंदा असता तं चूक सांगायले परत कोन आलं असतं व?" सून तपासणीला आली.

एक रंजना तेवढी राहिली. नवरा ठेकेदाराकडे कामाला, खोली सोडून कुठेतरी गेलेली. तोवर ताई अंथरुणाला खिळल्या होत्या. भेटायला गेलं की तब्येतीचं बोलू द्यायच्या नाहीत. "रंजना भेटली?" एवढंच. घरमालकिणीला, मग भाजीवालीला विचारत मी बोरसीत तिला गाठलं, तपासणीला नेलं आणि लोहाच्या गोळ्या हातात दिल्या. रक्त फारच कमी निघालं.

संध्याकाळी ताईंना सांगितलं.

"काय म्हनली?"

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण माणसांच्या तोंडून खरं काढण्यातच ताईंचा जन्म गेला होता. मी सांगितलं, "म्हणाली, चक्कर तेव्हाही येत होती. पण मॅडमनं बरी आहेस म्हटलं, म्हणून घरी कुणाला बोलले नाही."

"बरं केलं सांगतलं," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट धरलं. त्या हातात काही उरलं नव्हतं, पण पकड होती. "गोळ्या देऊन येऊ नको. घरी नेतात अन् फळीवर ठेवतात. समोर गिळायले लाव."

शनिवारी ताई गेल्या. सोमवारी मी बोरसीला गेले. गोळ्या फळीवरच होत्या, पाकीट न उघडलेलं. मी एक गोळी काढली आणि पाण्याचा गिलास भरून रंजनाच्या हातात दिला.

"मॅडमची तब्येत कशी हाय?" तिने विचारलं.

"आधी गोळी गिळ," मी म्हटलं.