बांधलेला खटका

चौथ्या मुलाखतीला जाताना मी कोसाडच्या घरून दोन रिक्षा बदलल्या आणि दोन्ही रिक्षांत एकच गोष्ट घोकली, आज तोंड आवरायचं. आधीच्या तिन्ही ठिकाणी तोंड आवरूनही नकारच आला होता, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. नोकरी सॉफ्टवेअरची होती, आमच्या घरात आजवर कुणी न केलेली, आणि मला ती हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

मुलाखत घेणारे सर चाळिशीचे, हसतमुख. बायोडाटा चाळून त्यांनी आधी विचारलं, पप्पा काय करतात. उधन्यातल्या कापड कारखान्यात माग चालवतात म्हटल्यावर त्यांनी अशी मान डोलावली, जशी लहान मुलाने कविता म्हटल्यावर पाहुणे डोलावतात. राग आला, पण गिळला.

मग खरा प्रश्न आला. कारखान्यातल्या यंत्रांकडून सतत माहिती येते आहे. एका यंत्राची नोंद चुकीची आली, तर प्रोग्रॅमने काय करावं? मी म्हटलं, ते यंत्र तिथंच थांबवावं आणि कुठे बिघाड आहे ते माणसाला कळवावं. सरांना हे नको होतं. चुकीची नोंद गाळून पुढे चला, ग्राहकाला स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं पाहिजे, असं ते समजावत राहिले. उत्तर बदलायला अजून वेळ आहे, हेही त्यांनी सुचवलं.

मला पप्पांचा माग दिसायला लागला. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, प्रत्येक तारेवर एक पातळ पत्ती लटकलेली असते. तार तुटली की पत्ती पडते, खटका बसतो आणि माग आपोआप थांबतो. घाईच्या दिवसांत शेठ तो खटका सुतळीने बांधून ठेवायला लावतात. मग तार तुटली तरी माग धडधडत राहतो आणि कापडाच्या अख्ख्या ताक्यावर रेघ उमटत जाते. कापड परत आलं की बोलणी पप्पांनी खायची. बांधायला सांगणारा तोपर्यंत पंख्याखाली जाऊन बसलेला असतो.

झालं, तोंड सुटलं.

"सर, हमारे यहाँ इसको खटका बांधना बोलते हैं," मी म्हटलं. "मैं नहीं बांधूँगी. आपको चाहिए तो अपने नाम से लिखकर दीजिए, कोड में सबसे ऊपर वही डाल दूँगी."

सरांचं हसू गेलं. नवीन मुलांनी टीमचं ऐकायचं असतं, असं म्हणून त्यांनी फाईल मिटली.

परतताना रिक्षात मी रडले, हे कबूल करते. पण पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, नोकरी हवी होती म्हणून. तीन दिवसांनी मेल आला की तुमचा स्वभाव आमच्या टीमशी जुळत नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

पप्पा पाळीवरून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मेलबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. हात धुताधुता एवढंच म्हणाले, "तू खटका बांधा का?"

"नई."

बराच वेळ ते नखांतला काळा तेलकटपणा काढत राहिले.

"मी त बांधस," ते म्हणाले. "तू नको बांधू."

पाचव्या ठिकाणचा अर्ज मी त्यांच्यासमोरच बसून भरला.