शनिवारी जेवणारे दोन

आधीच सांगून टाकते, असे अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आले आहे. मजा वाटते, विश्वास बसत नाही. होम सायन्स शिकलेली बाई मी... माझ्या दृष्टीने माणूस म्हणजे प्रथिनं, कर्बोदकं, पाणी आणि चवीपुरता स्वभाव. आमच्या धाकट्या जावेला माजघरात कुणीतरी उभं दिसायचं, तेव्हा मी तिला हिमोग्लोबिन तपासायला लावलं होतं. आठ निघालं! त्यामुळे हे लिहायला घेतलं तेव्हा आमचे हे हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "नावं बदल आणि लिहून टाक," एवढंच म्हणाले. तेव्हा नावं बदलली आहेत. बाकी जे घडलं ते घडलं तसं.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. यांची नोकरी हजीऱ्याला एका प्लांटमध्ये, म्हणून वीस वर्षं सुरतेत, उधन्याला राहतो. मी एका शाळेत शिकवते. शिवाय दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्राकडून 'आहार आणि पोषण' या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सची काउन्सेलर आहे. विद्यार्थी पुस्तकावरून आपले आपण शिकतात, आम्ही अधूनमधून अडलेलं समजावतो आणि त्यांच्या असाइनमेंट तपासतो. केंद्राने हा कोर्स जेलमधल्या कैद्यांसाठी सुरू केला, तशी मी दर रविवारी दहा ते बारा तिथे जाऊ लागले. कुठली जेल ते लिहीत नाही.

पहिल्या दिवशी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. गेटवरचा शिपाई म्हणाला, "बेन, मोबाइल अहीं मूकी दो," तर मी मोबाइलबरोबर डबा, छत्री आणि हातातला रुमालसुद्धा टेबलावर ठेवला. रुमाल त्याने हसून परत दिला. माझा सर्दीचा कोठा आहे. बारा महिने रुमालावर निलगिरीचे थेंब असतात आणि मी वर्गात शिरले की माझ्याआधी तो वास शिरतो. शाळेतल्या मुलींनी त्यावरून माझं नाव ठेवलंय, ते इथे लिहीत नाही.

जेलच्या वर्गात चौदा जण होते. त्यात मराठी एकच – भूषण. वय सत्तावीस-अठ्ठावीस. सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतला, मूळचं गाव खानदेशात. लूमच्या कारखान्यात मारामारी झाली, त्याच्या हातून एकाच्या डोक्यात लोखंडी पट्टी बसली आणि तो माणूस वाचला नाही. भूषणने हे कधी नाकारलं नाही. बाकीचे मला मॅडम किंवा बेन म्हणायचे, हा एकटा ताई म्हणायचा. कोर्स हिंदीतून होता, पण हा शिकलेला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, त्यामुळे लिहिता लिहिता मराठीत घसरायचा. मी लाल पेनाने गोल करायचे. लाल पेनाच्या बाबतीत मी जरा निर्दयच आहे.

कोर्समध्ये एक उपक्रम असतो. आपल्या कुटुंबाचा सात दिवसांचा आहार लिहायचा. वार, पदार्थ, प्रमाण, जेवणारे किती – असा तक्ता. जेलमध्ये बसून कुटुंबाचा आहार कसा लिहिणार? बहुतेक जण पुस्तकातला नमुना उतरवतात. मी त्या रविवारी बजावलं, "नमुना उतरवलेला मला वासावरून कळतो. घरी काय शिजत असेल ते आठवा आणि अंदाजाने लिहा. उद्याच्या सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंत." असाइनमेंट बुधवारीच गोळा होणार होत्या. म्हणजे सगळ्यांनी सातही दिवस आधीच, कल्पनेने भरले होते. यात काही विशेष नव्हतं.

गुरुवारी गठ्ठा माझ्याकडे आला आणि संध्याकाळी मी तपासायला बसले. चौदापैकी अकरा घरांत एकाच दिवशी पालक-पनीर! भूषणचा कागद मात्र वेगळा होता. सोमवार – वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. मंगळवार – उडदाची दाळ, भाकरी करपली. बुधवार – काल उरलेली दाळ. गुरुवार – चहात बुडवून टोस्ट. शुक्रवार – चहा. शनिवार – मुगाची पातळ खिचडी. आणि रविवार – 'घरी काही शिजलं नाही. शेजारून पिठलं-भाकरी आली.'

जेवणाऱ्यांच्या रकान्यात रोज एक. फक्त शनिवारी दोन.

मी ऊर्जा काढली. आठवड्याच्या शेवटी दिवसाला चारशे कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. इतक्या कमी आहारावर कोणी हिंडूफिरू शकत नाही. मी शनिवारच्या 'दोन'ला गोल करून प्रश्नचिन्ह काढलं, रविवारपुढे 'अपूर्ण' लिहिलं आणि खाली ठळक शेरा मारला – 'काल्पनिक. पुन्हा लिहा.'

पण मनात ती करपलेली भाकरी राहून गेली. खोटा आहार लिहिणारा माणूस भाकरी करपवत नाही हो! आणि आठवलं, वर्गातल्या एकाने सांगितलं होतं की भूषणची आई दर पंधरा दिवसांनी भेटायला यायची, ती दोन महिने आली नव्हती. तो स्वतः त्याबद्दल काही बोलला नव्हता. त्याच्या फॉर्मवर घरचा पत्ता होता.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. काउन्सेलरने कैद्याच्या घरी जायचं नाही, निरोप न्यायचे-आणायचे नाहीत. आमच्याकडून तशी सही घेतलेली असते. आमच्या केंद्रातल्या एका सरांना एवढ्याच कारणावरून काढलं होतं. तरी मी शनिवारी शाळा सुटल्यावर रिक्षा केली आणि लिंबायतला गेले. स्वतःला काय सांगितलं? तर म्हणे, आहाराची पडताळणी.

वरच्या मजल्यावर एकच खोली होती. दार उघडंच होतं. वेणूबाई, भूषणची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पावलं सुजलेली, दोन शब्दांमागे धाप.

"कोन शे व माय?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी सांगितलं.

"मना भूषणनी मास्तरीन का तू?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बठ, बठ. उभी नको ऱ्हाऊ. जेवस ना तो चांगला?"

तो बरा आहे, जेवतो, अभ्यासात हुशार आहे, असं सगळं सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं, या आठवड्यात काय काय रांधलं म्हणून विचारलं. कागद माझ्या पर्समध्ये होता.

"सोमवारले भरीत करं व्हतं. मंगयवारले दाळ... भाकर करपी गयी व माय. तवा समोरच मना डोया लागी गया."

पुढचं विचारायची गरजच नव्हती, तरी विचारलं. बुधवारी उरलेली दाळ. गुरुवारी टोस्ट. काल नुसता चहा. आणि आज? त्यांनी शेगडीकडे बोट केलं. ताटलीने झाकलेलं पातेलं होतं. मी झाकण उचललं. मुगाची पातळ खिचडी.

"जेवीसन जाय," त्या म्हणाल्या. "त्यानी मास्तरीन तू. उपाशी कशी जाशी?"

नाही म्हणवेना. त्यांनीच वाढलं. दोघींनी दोन-दोन घास खाल्ले. चवीबद्दल मी काही बोलले नाही. घाम आला होता, रुमालाने तोंड पुसलं.

"डॉक्टरकडे चला, मी नेते," म्हटलं, तर गोळ्या दाखवल्या, सोमवारी जाणारच आहे म्हणाल्या. मी उठले तेव्हा माझा हात धरला. "त्याले काही सांगू नको. परीक्षा शे त्यानी. पास व्हऊ दे आधी."

शेजारच्या शोभाबाईंना माझा नंबर दिला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर कागद काढला. शनिवार – जेवणारे दोन. माझा लाल गोल त्याच्याभोवती. आणि त्याखाली रविवार... शेजारून पिठलं-भाकरी आली.

शेजारून जेवण कधी येतं ते मला काय माहीत नाही? ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी शिजत नाही. शेजारपाजारचे आणून देतात.

त्याच वेळी मी जेलमध्ये फोन करायला हवा होता. 'याची आई फार आजारी आहे, त्याला भेटू द्या' – एवढंच सांगायचं होतं. पण मग मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. सही केलेला कागद आठवला, ते काढलेले सर आठवले. शिवाय आईनेच बजावलंय, त्याची परीक्षा आहे, रविवारची ओळ योगायोग आहे... कारणांना काय तोटा? मी फोन केला नाही.

रविवारी दहाला वर्गात गेले आणि कागद परत दिले. भूषणने तो लाल शेरा वाचला. मग टेबलाशी आला.

"ताई, काल्पनिक नाही. खोटं नाही लिहिलं मी."

"मग कसं लिहिलंस?"

"लिहायला बसलो की वास येतो. घरचा. आला तसा लिहिला." तो खाली बघून बोलत होता. "रविवारच्या वेळी काहीच येईना. मग पिठल्याचा आला, पण आमचं नव्हतं ते. आई लसूण ठेचून घालते. त्यात लसूणच नव्हता. म्हणून शेजारून लिहिलं. ताई... शेजारून कशाला आलं असेल?"

"तुझ्या आईचा उपास असेल," मी म्हटलं.

"आणि शनिवारी खिचडीबरोबर अजून एक वास होता. म्हणून दोन लिहिलं. कोण आलं असेल?"

माझ्या हातात रुमाल होता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "जागेवर बस."

तो जाऊन बसला. मी दोन तास जीवनसत्त्वं शिकवली. निघताना ऑफिसच्या दाराशी थांबले. आत अधिकारी बसले होते, बोलता आलं असतं. मी वहीत सही केली आणि गेटकडे वळले. गेटवर मोबाइल परत मिळाला. शोभाबाईंचे चार मिस्ड कॉल. वेणूबाई सकाळी अकराच्या सुमारास गेल्या. म्हणजे मी त्यांच्या मुलासमोर उभी राहून फळ्यावर लिहीत होते तेव्हा.

तरी मी धावत परत आत जायला हवं होतं ना? शोभाबाई म्हणाल्या, पुतणे आलेत, जेलला ते कळवतील. मी तेवढ्यावर सुटका मानली आणि लिंबायतला गेले. पुतण्यांनी कळवलं, पण सगळं आटोपल्यावर. आलेल्यांसाठी शोभाबाईंनी पिठलं-भाकरी आणली होती. मला राहवलं नाही, विचारलं – पिठल्यात लसूण आहे का? त्या भर दुःखात माझ्याकडे बघतच राहिल्या. "नाही हो, सासूबाई लसूण खात नाहीत आमच्या," म्हणाल्या.

भूषणला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. कोणाची चूक, असा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. मला माझं उत्तर माहीत आहे.

पुढचे तीन रविवार तो वर्गात आला नाही. चौथ्या आठवड्याच्या गठ्ठ्यात त्याचा नवा कागद होता, मागे जुना टाचलेला. 'पुन्हा लिहा' असा शेरा मीच मारला होता ना... त्याने तोच आठवडा पुन्हा लिहिला होता. तीच भाकरी, तोच टोस्ट, तोच चहा. एका अक्षराचा फरक नाही. फक्त शनिवारच्या ओळीत, जेवणाऱ्यांच्या रकान्यात आकडा नव्हता. लिहिलं होतं, 'आई आणि ताई.'

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांकडून कळलं असेल. असेलही. यांनीही तेच म्हणून पाहिलं. पण पहिल्या कागदावरचा 'दोन' बुधवारी गोळा झालेला आहे, त्यावर जेलचा शिक्का आहे. मी लिंबायतला जायचं मनातसुद्धा आणलं नव्हतं तेव्हाचा. माझ्या सगळ्या शिक्षणात याचं उत्तर नाही. मी शोधायचंही आता सोडलं आहे. मला त्या कागदाची भीती वाटत नाही. मला लाज वाटते.

मी जुन्या कागदावरचा शेरा खोडला, पूर्ण गुण दिले. शनिवारसमोर लाल पेनाने 'बरोबर' लिहिलं.

पुढच्या रविवारी तो आला, शेवटच्या बाकावर बसला. वर्ग संपल्यावर बाकीचे निघून गेले, तो थांबला. मला वाटलं, आता विचारेल – का नाही सांगितलंत? माझी तयारी होती. रात्रंदिवस तेच घोकत होते. त्याने ते विचारलं नाही.

"ताई, मिठाचा वास येत नाही," तो म्हणाला. "त्या खिचडीत मीठ होतं का?"

'होतं' म्हणणं किती सोपं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं. "विसरल्या होत्या. मी मागितलं नाही."

त्याने मान हलवली. "आजारी असली की विसरते ती," म्हणाला आणि फळा पुसायला लागला.