राजाची मान आणि झहूरची बदली

आखातातल्या तेल कंपनीच्या अहमदी वसाहतीत, ऑफिसर्स मेसमध्ये झहूर परकार खानसामा होता. मूळचा दापोलीकडचा, अंगापिंडाने धिप्पाड, आणि मॅनेजर हॅरिंग्टनसाहेबांच्या मते डोक्याने शून्य. हे मत साहेब त्याच्यासमोरच सांगत. खानसाम्याला इंग्रजी कळत असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नव्हती.

अठ्ठावन्न साली साहेबांनी नाटक बसवलं, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचं. देवाखेरीज आपण कुणाला जबाबदार नाही, असं मानणारा हा गृहस्थ. अकरा वर्षं पार्लमेंट न बोलावता त्याने राज्य केलं आणि शेवटी त्याचं डोकं उडवलं गेलं. राजा अर्थातच साहेब. मेसची कमिटी त्यांनीही तीन वर्षं बोलावली नव्हती, तेव्हा तालमीची फारशी गरज नव्हती. जल्लाद व्हायला मात्र एकही गोरा तयार होईना. मॅनेजरच्या मानेवर कुऱ्हाड चालवून बढती कुणाला मिळालीय? मग झहूरला काळा बुरखा चढवला.

"तोंड उघडायचं नाही," साहेबांनी बजावलं. "मी ठोकळ्यावर मान ठेवून दोन्ही हात पसरले, की कुऱ्हाड. हाच हुकूम."

"जी साहेब."

प्रयोगाला सगळी कॉलनी लोटली. साहेबांनी मान ठेवली, पण समोरची गर्दी पाहून त्यांना राजेपण सोडवेना. ठोकळ्यावरूनच त्यांनी पदरचं भाषण सुरू केलं. "राज्य करणं प्रजेचं काम नव्हे! राजा म्हणजे..." आणि राजा म्हणजे केवढा, हे दाखवायला त्यांनी दोन्ही हात पसरले.

झहूरने हुकूम पाळला.

कुऱ्हाड लाकडाची होती, तरी आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. मेलेला राजा शिवी हासडून उठला. घाईघाईने पडदा पाडला. टाळ्या थांबेनात; साहेबांनी स्वस्तात घेतलेलं मेसचं मटण रोज चावणारे तर उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी वाकड्या मानेने साहेबांनी विचारलं, "माझं भाषण चाललंय, कळत नव्हतं?"

"कळत होतं साहेब. पण हात पसरलेत ना."

त्याच आठवड्यात झहूरची बदली शुवैख बंदरातल्या गोदामाच्या कँटीनवर झाली. कारण कुणी सांगितलं नाही. खोलीतला सोबती यूनुस हळहळला.

"खरं सांग, मुद्दाम मारलंस?"

"पहिला फटका हुकमाचा होता, यूनुसभाई."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याच्या आत पडदा पाडला मेल्यांनी."

अहमदीतल्या पंख्याची आठवण त्याला उन्हाळाभर आली. पण बंदरावर त्याच्या गावाकडचे, हर्णैचे खलाशी होते. त्याच्या हातचं सुरमईचं कालवण ते मागून मागून खात. दोन वर्षांनी त्याने बायकोला, बानूलाही गावाहून बोलावून घेतलं.